लकडी पूल ते संगम: पुण्यातला मुठेचा काठ पायी कसा पाहावा

अंतर जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर, पण तीन तास हाताशी ठेवा. प्रवाहाच्या दिशेने, उजव्या काठाने चाला. पेठा तुमच्याच बाजूला राहतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो.

रस्ता विचारताना जुनी नावे वापरा, नकाशात मात्र संभाजी पूल (लकडी) आणि शिवाजी पूल (नवा) शोधा. लकडी पुलात लाकूड शोधू नका. पानिपतानंतर, १७६१ मध्ये बांधलेला पूल लाकडी होता, पुढे दगडी झाला. नवा पूल १९२३ चा. पुण्यात नवेपण असेच टिकते.

सर्वाधिक वेळ पुराच्या खुणांना द्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही, आणि काठच्या पेठा बुडाल्या. काही जुन्या भिंतींवर त्या पाण्याची रेघ किंवा पाटी अजून दिसते. उंची मोजताना टेप रस्त्यावर टेकवू नका. डांबराचे थर चढून रस्ता वर आलेला असतो, त्यामुळे आकडा कमी भरतो. जोत्याच्या दगडाची वरची कड शोधा, तिथून रेघेपर्यंत मोजा आणि रस्ता ते जोते हे माप वेगळे लिहा. एकाच गल्लीत दोन खुणा असतील तर गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी लावून पातळी ताडून पाहा. गल्लीपुरते पाणी जवळपास सपाट असते. फुटाहून जास्त फरक आला, तर भिंत नंतर बांधलेली किंवा पाटी हलवलेली असण्याची शक्यता धरा. वाड्यात शिरण्याआधी विचारा. दुपारी एक ते चार विचारूही नका.

ओंकारेश्वराच्या आवारात चिमाजीअप्पांची समाधी आहे. १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेणारा सेनानी समुद्रापासून इतक्या दूर, मुठेकाठी विसावला आहे. झिजलेली अक्षरे सकाळच्या तिरप्या उन्हात वाचता येतात. त्यांवर खडू घासू नका, दगडाच्या छिद्रांत तो बसतो.

शनिवारवाडा (१७३२) नव्या पुलापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण तो वेगळ्या दिवसाचा विषय. डेंगळे पुलावरून पुढे संगमाकडे जा. ५ नोव्हेंबर १८१७ ला, पेशवे-इंग्रजांच्या खडकीच्या लढाईच्या दिवशी, इथली ब्रिटिश रेसिडेंट एल्फिन्स्टनची रेसिडेन्सी (निवास आणि कचेरी) जाळली गेली. संगम पुलावर प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहा: डावीकडून येते ती मुळा, पायाखालची मुठा.