1952 चा 'मुंबई उपनगर' मतदारसंघ: रद्द झालेल्या मतदारसंघाचा निवडणूक-इतिहास कसा जुळवायचा

पहिल्या लोकसभेत 'मुंबई उपनगर' नावाचा एक मतदारसंघ होता आणि काँग्रेसच्या जयश्री रायजी तिथून निवडून आल्या होत्या. 1957 च्या यादीत हे नाव सापडत नाही. बरेच जण इथेच 'एक निवडणूक, एक खासदार' अशी नोंद करून विषय संपवतात. पण उपनगरांतले मतदार पुढेही मतदान करतच होते, फक्त त्यांच्या मतदारसंघाचं नाव बदललं होतं. म्हणून माग काढायचा तो नावाचा नाही, भूभागाचा.

सुरुवात निकालांपासून नको, सीमांपासून करा. मुंबईसाठी 1952, 1957, 1962, 1967, 1977 आणि 2009 या निवडणुकांपूर्वी मतदारसंघांची आखणी नव्याने झाली किंवा बदलली. त्या त्या वेळचा परिसीमन आदेश, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा ठरवणारा आदेश, राजपत्रात मिळतो. लोकसभा मतदारसंघात कोणते विधानसभा मतदारसंघ येतात ते आधी पाहायचं आणि मग त्या प्रत्येकात कोणते वॉर्ड, गावं किंवा तालुके येतात ते. ही दुसरी पायरी टाळली की सगळं अंदाजावर जातं. 'उपनगर' म्हणजे आजचा मुंबई उपनगर जिल्हा असंही धरू नका. तो जिल्हा 1990 साली झाला. शिवाय महापालिकेची हद्द 1950 आणि 1957 अशी दोनदा वाढली आणि दुसऱ्या वेळी ती दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. जुन्या आदेशातला शब्द त्या वर्षीच्या नकाशावरच वाचायचा.

उपनगरांची साखळी ढोबळमानाने अशी लागते. 1952 ला मुंबई उपनगर. 1957 आणि 1962 ला मुंबई शहर उत्तर, जिथून व्ही. के. कृष्ण मेनन दोन्ही वेळा जिंकले. 1967 ला वायव्य आणि ईशान्य असे दोन मतदारसंघ. 1977 ला त्यात उत्तर मुंबईची भर पडली आणि मृणाल गोरे तिथल्या पहिल्या खासदार झाल्या. 2009 पासून आजची मांडणी आहे.

सगळ्यात जास्त घोळ 'मुंबई शहर उत्तर' या नावाने होतो. 1952 मध्ये याच नावाचा मतदारसंघ होता आणि डॉ. आंबेडकर तिथे काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. तो मेनन यांचा मतदारसंघ नव्हे. नाव तेच असलं तरी भूभाग वेगळा होता, आणि प्रकारही वेगळा, कारण 1952 चा मतदारसंघ द्विसदस्यीय, म्हणजे दोन खासदार निवडणारा, होता. काजरोळकर राखीव जागेवर आणि विठ्ठल बाळकृष्ण गांधी सर्वसाधारण जागेवर निवडून आले. हे दोन्ही निकाल 'मुंबई उत्तर' अशा एका तक्त्यात एकाखाली एक ठेवले, तर तो तक्ताच चुकीचा होतो.

द्विसदस्यीय मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मतं असत आणि ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. त्यामुळे एकूण मतांना मतदारसंख्येने भागलं तर टक्केवारी कधीकधी शंभराच्या वर जाते. भागताना मतदारसंख्येची दुप्पट घ्या. तरीही जो आकडा येतो तो वापरलेल्या मतांचा असतो, केंद्रावर आलेल्या माणसांचा नसतो, कारण काही जण एकच मत देत. निकाल लावताना आधी राखीव जागा अनुसूचित जातीच्या सर्वाधिक मतांच्या उमेदवाराला मिळे आणि मग उरलेल्यांत जो पुढे त्याला दुसरी. म्हणून 'मताधिक्य' या रकान्यात कोणत्या जागेचं, कोणाविरुद्धचं, हे लिहायलाच हवं. 1962 पासून ही पद्धत बंद झाली.

आकडे निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांतून घ्या. शोधताना राज्य बदलतं हे लक्षात ठेवा: 1952 आणि 1957 चे आकडे मुंबई राज्याखाली आहेत, 1962 पासूनचे महाराष्ट्राखाली. तक्त्यात किमान इतके रकाने हवेत: वर्ष, अहवालातलं नाव, जागा, एकूण मतदार, झालेलं मतदान, वैध मतं, बाद मतं, विजेता, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार, दोघांची मतं, मताधिक्य, आणि पक्षासाठी दोन रकाने. मतांची टक्केवारी वैध मतांवर काढा. 2004 मध्ये सगळीकडे मतदानयंत्रं आल्यापासून बाद मतांचा रकाना जवळजवळ रिकामा राहतो. 2014 पासून 'नोटा' ('वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय) येतो. तो धरायचा की वगळायचा हे एकदाच ठरवा आणि तसं तळटीपेत सांगा.

पक्षासाठी दोन रकाने कशाला, ते 1977 पाहिलं की कळतं. जनता पक्षाचे उमेदवार भारतीय लोकदलाच्या चिन्हावर लढले, म्हणून अहवालात त्यांच्यापुढे लोकदल दिसतं. एका रकान्यात अहवालातली नोंद जशीच्या तशी ठेवा, दुसऱ्यात प्रत्यक्ष पक्ष. 1980 मध्ये उलटा धोका आहे. वायव्य मुंबईतून जिंकलेले राम जेठमलानी पुढे भाजपमध्ये गेले, पण ती निवडणूक जानेवारीत झाली आणि भाजप एप्रिलमध्ये स्थापन झाला. तिथे जनता पक्षच लिहायचं.

पोटनिवडणुका सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात येत नाहीत, म्हणून हमखास सुटतात. लोकसभेच्या सदस्ययादीत एकाच मुदतीत एकाच मतदारसंघापुढे दोन नावं दिसली की थांबा. 1967 ला ईशान्य मुंबईत काँग्रेसच्या स. गो. बर्व्यांनी अपक्ष मेनन यांना हरवलं, पण काही दिवसांतच बर्वे वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवलं. नुसता सार्वत्रिक निकाल पाहणाऱ्याला सप्रे दिसतच नाहीत. वायव्य मुंबईत 2005 साली, सुनील दत्त यांच्या निधनानंतर, प्रिया दत्त निवडून आल्या त्याही पोटनिवडणुकीतच.

आता 2009. प्रिया दत्त तेव्हा उत्तर मध्य मुंबईतून उभ्या राहिल्या, कारण वांद्रे तिकडे गेलं होतं. 2004 च्या वायव्य मुंबईची 2009 च्या वायव्य मुंबईशी थेट तुलना करून 'मतं इतकी घसरली' असं लिहिणं त्या मतदारांवर अन्याय आहे. तुलना करायचीच असेल तर विधानसभा मतदारसंघनिहाय आकडे घ्या आणि विधानसभेच्या सीमाही बदलल्या असतील तिथे नमुना 20 या निकालपत्रकातले मतदानकेंद्रनिहाय आकडे. केंद्रांचे क्रमांक दर निवडणुकीला बदलू शकतात. म्हणून क्रमांकावरून नव्हे, तर शाळेच्या किंवा इमारतीच्या नावावरून आणि यादीतल्या रस्त्यांवरून जुळवा. काम किचकट आहे, पण याला आडवाट नाही.

आजच्या उपनगर जिल्ह्याची बेरीज करताना दक्षिण मध्य मुंबई विसरू नका. जिल्ह्यात विधानसभेच्या 26 जागा आहेत. उत्तर, वायव्य, ईशान्य आणि उत्तर मध्य मिळून त्यातल्या 24 होतात. उरलेल्या दोन, अणुशक्तीनगर आणि चेंबूर, दक्षिण मध्यमध्ये आहेत, जिथले बाकीचे चार विधानसभा मतदारसंघ शहर जिल्ह्यातले आहेत. त्यामुळे उपनगरांचा आकडा काढताना दक्षिण मध्यचा अख्खा निकाल धरायचा नाही आणि अख्खा सोडायचाही नाही, त्यातले फक्त हे दोन उचलायचे.