कुणीच लॉगिन नसताना पीसी झोपतोय? पॉवर सेटिंग अशी करा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसचा पीसी. रात्री २ वाजता आपोआप उठायचं, टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा आणि ड्रॉइंगच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करायच्या, एवढंच काम टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्राममध्ये, लावून दिलेलं. सकाळी बघतोय तर फोल्डर निम्माच. सलग तीन दिवस. मालक म्हणाले, "तुझा बॅकअप रंकाळ्याला चक्कर मारायला निघतोय आणि निम्म्यातनंच घरला येतोय की रे." मला वाटलं केबल ढिली असेल, ती बदलली, पैसे गेले आणि फरक शून्य.

शेवटी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडली, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम. २:०० ला पॉवर-ट्रबलशूटरची १ नंबरची नोंद, म्हणजे पीसी जागा झाला. २:०२ ला कर्नल-पॉवरची ४२ नंबरची नोंद, म्हणजे पीसी परत झोपायला चालला. आता पॉवर प्लॅनमध्ये (पीसी कधी झोपायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) स्लीपला मी ३० मिनिटं दिलेली, मग हा दोन मिनिटात का आडवा होतोय?

तर गोष्ट अशी आहे. विंडोजमध्ये एक लपवलेला टायमर असतोय, सिस्टिम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट नावाचा. पीसी माणसानं बटन दाबून किंवा माउस हलवून उठवला असेल तर तुमची ३० मिनिटं लागू. पण तो स्वतःच उठला, टास्कमुळं किंवा लॅनवरनं (ऑफिसच्या नेटवर्कवरनं) वेक सिग्नल आल्यामुळं, तर विंडोज समजतंय की समोर कुणी नाही, आणि हा दुसरा टायमर धरतंय, जो मुळात २ मिनिटांचा असतोय. कॉपी चालू आहे का नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

आधी साधं सेटिंग बघून घ्या, कारण बऱ्याच जणांचं काम तिथंच होतंय. एक्सपीच्या काळात प्रत्येक युजरची पॉवर स्कीम वेगळी असायची, आणि लॉगिन स्क्रीनला डिफॉल्ट युजरची लागायची, त्यामुळं आपल्या अकाउंटमध्ये कितीबी बदल करा, लॉगआउट केलं की सगळं पाण्यात. व्हिस्टापासून चालू असलेला प्लॅन अख्ख्या मशीनचा एकच असतोय. म्हणजे विंडोज १० किंवा ११ वर सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथं जाऊन स्लीपला नेव्हर केलं की लॉगिन स्क्रीनवर पण तेच लागू. स्क्रीन मात्र बंद होऊ द्या, रात्रभर मॉनिटर जाळून काय मिळणार नाही.

आता लपवलेला टायमर. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, राइट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि मधल्या स्पेस नीट बघून टाका:

पॉवरसीएफजी -ॲट्रिब्यूट्स सब_स्लीप अनअटेंडस्लीप -ॲट्रिब_हाइड

सब आणि स्लीपच्या मधे अंडरस्कोर आहे, हायफन नाही, इथं लई जण चुकतात. ॲट्रिबच्या आधी मायनस म्हणजे लपवणं काढा, प्लस दिला तर परत लपतंय. एंटर मारल्यावर काही मेसेज येत नाही, घाबरू नका. मग कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, खाली ॲडव्हान्स्ड, त्यात स्लीपच्या प्लसवर क्लिक करा, नवीन ओळ दिसेल आणि तिच्यासमोर २ मिनिटं. मी ६० केली, कारण आमची कॉपी साधारण पाऊण तास चालते. कमांडनंच आकडा टाकायचा असेल तर तिथं हिशोब सेकंदात असतोय, ६० टाकलं तर एक मिनिट होईल आणि आहे त्यापेक्षा वाईट अवस्था.

दुसऱ्या दिवशी फोल्डर पूर्ण. मालक काही बोलले नाहीत, चहा मागवला फक्त.

असाच अजून एक भाऊबंद आहे. लॉक केलेल्या स्क्रीनचा मॉनिटर एका मिनिटात काळा होतोय ना, त्याचा वेगळा टायमर आहे. वरच्याच कमांडमध्ये सब_स्लीपच्या जागी सब_व्हिडिओ आणि अनअटेंडस्लीपच्या जागी व्हिडिओकॉनलॉक टाका, की तो पण ॲडव्हान्स्डमध्ये डिस्प्लेखाली दिसतोय.

एवढं करून पण पीसी सकाळी बंद सापडत असेल तर माणसाकडं बघा. लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह असतंय, तिथनं पासवर्डशिवाय कुणीपण शटडाउन करू शकतंय, आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना वाटतंय आपण लाईटबिल वाचवलं. त्यांचं चुकत नाही, आपण सांगितलेलं नसतंय. विंडोजचं प्रो व्हर्जन असेल तर लोकल सिक्युरिटी पॉलिसीत सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये जाऊन लॉगिनशिवाय शटडाउनची परवानगी डिसेबल करा, चिन्हातला शटडाउन जातोय.

लिनक्सवाल्यांची तऱ्हा वेगळी. गनोम डेस्कटॉप असेल तर लॉगिन स्क्रीन हीच स्वतः एक युजर असते, जीडीएमची (लॉगिन स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रामची), तिचं सेटिंग वेगळं. तुम्ही तुमच्या अकाउंटमध्ये सस्पेंड बंद केलं तरी लॉगआउट केल्यावर ती आपल्या मनानं थोड्या वेळानं पीसी झोपवते. डेबियनवर ईटीसी फोल्डरमधल्या जीडीएम३ मध्ये ग्रीटर डॉट डीकॉन्फ-डिफॉल्ट्स नावाची फाइल रूट (लिनक्सचा ॲडमिनिस्ट्रेटर) म्हणून उघडा, ऑटोमॅटिक सस्पेंडचा भाग शोधा, स्लीप-इनॲक्टिव्ह-एसी-टाइप या ओळीच्या सुरुवातीचा हॅश (#) काढा आणि सस्पेंडच्या जागी नथिंग लिहा, वरच्या चौकटी कंसातल्या ओळीला हॅश असेल तर तो पण काढा नाहीतर काही लागू होणार नाही. मग मशीन रीस्टार्ट. नुसतं जीडीएम रीस्टार्ट करायचा शहाणपणा कुणी लॉगिन असताना करू नका, त्याचं उघडं काम सगळं बंद पडतंय.

आणि वळवाचा पाऊस आला, लाईट गेली, तर यातलं काहीच कामाचं नाही, कारण लाईट आल्यावर पीसी बंदच राहतोय. त्याला बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जावं लागतंय, रीस्टोर ऑन एसी पॉवर लॉस असं किंवा तसलंच काहीतरी नाव असतंय, प्रत्येक बोर्डाचं वेगळं, ते पॉवर ऑन करा. सेव्ह करा, आणि एकदा पीसी नीट शटडाउन करून मागचा प्लग काढून परत लावून बघा, आपोआप चालू झाला पाहिजे.