नेम धरताना कुणी समोर आलं तर
पूल किंवा स्नूकर खेळताना तुम्ही शॉटसाठी वाकलात की नेमकं तुमचा नेम असलेल्या पॉकेटपाशी, म्हणजे टेबलाच्या भोकापाशी, येऊन क्यूला (खेळायच्या काठीला) चॉक लावणारा कुणीतरी भेटतोच. अशा वेळी चिडून शॉट मारून टाकू नका. सरळ उभे राहा, श्वास सोडा आणि पुन्हा पहिल्यापासून नेम धरा. तरी तो हलला नाही तर शांतपणे सांगा, "जरा बाजूला होता का?" बहुतेकांना आपण आड येतोय हे कळलेलंच नसतं. मुद्दाम लक्ष विचलित करणं नियमांतही खिलाडूवृत्तीला सोडून मानलं जातं. स्पर्धेत ते पंचांवर सोपवा. प्रतिस्पर्ध्याची पाळी असताना तुम्हीही खुर्चीत बसा, क्यू हलवू नका. आणि स्वतःचा फाउल झाला, तर त्याने विचारण्याआधी सांगा. मला हे चांगल्या शॉटइतकंच मोलाचं वाटतं.