बागेतल्या मीटरगेज रेल्वेसाठी कुंपण आणि फाटक

घरच्या बागेत एकमेकांपासून ४५ मिमी अंतर असलेल्या रुळांवर मीटरगेज (खऱ्या रुळांत एक मीटर अंतर असलेल्या मार्गावरच्या) गाड्यांच्या प्रतिकृती चालवायच्या असतील, तर १:२२.५ हे प्रमाण धरावे लागते, कारण १००० मिमीला २२.५ ने भागले की उत्तर ४४.४ मिमी येते. मुरगाव ते लोंढा हा मार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेज होता. जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणभिंती), उभे गाडलेले स्लीपर (रुळांखालचे लाकडी ओंडके) आणि तारेची कुंपणे असे सगळे प्रकार दाखवता येत असल्यामुळे नमुना म्हणून हा मुलूख सोयीचा आहे.

बहुतेक प्रतिकृती उंचीमुळे फसत नाहीत, त्या जाडीमुळे फसतात. सव्वा मीटर उंचीचे कुंपण ५५ मिमीचे करायचे हे सगळ्यांना जमते. परंतु १०० मिमी जाडीच्या खांबाला फक्त साडेचार मिमीची काठी पुरते आणि २५ मिमीची फळी एका मिमीहून थोडीशीच जाड भरते, हे हातात काठी धरल्यावर खरे वाटत नाही. तारेच्या कुंपणाला जुन्या रुळांचे खांब दाखवायचे असतील, तर उरलेले ४५ मिमी मार्गाचे रूळ कापून वापरण्याचा मोह टाळावा. हा पितळी रूळ साधारण ८.४ मिमी उंच असतो, म्हणजे प्रमाणात १८९ मिमी. आजच्या मुख्य मार्गांवरचा, मीटरला ६० किलो वजनाचा रूळही १७२ मिमीच असतो. खांबांसाठी ५ मिमीच्या आसपास उंचीचा बारीक रूळ मिळवावा.

स्टेशनच्या आवाराला स्लीपरचे कुंपण शोभते आणि करायलाही ते सर्वांत सोपे आहे. मीटरगेजचा लाकडी स्लीपर साधारण १८०० × २०० × ११५ मिमीचा, म्हणजे आपल्यासाठी ८० × ९ × ५ मिमीचा. सुताराकडे पडलेले सागवानाचे तुकडे या मापाला चिरून घ्यावेत; आइस्क्रीमच्या काड्या एका पावसाळ्यात वाकतात आणि कुजतात. सगळे तुकडे एका उंचीचे कापू नयेत. वरची टोके दोन-तीन मिमीने कमीजास्त ठेवावीत, एखाद्याची कड चाकूने फोडावी आणि तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घासून लाकूड खरखरीत करावे.

रंगाऐवजी लोखंडाचे पाणी वापरावे. काचेच्या बरणीत व्हिनेगर घेऊन त्यात गंजलेल्या लोखंडी चुका आठवडाभर ठेवाव्यात. बरणीचे झाकण सैल असावे, कारण आत वायू तयार होतो. स्टेनलेस स्टीलची घासणी या कामाला उपयोगी पडत नाही. लाकडाला आधी चहाचा कडक काढा पाजून वाळवावा आणि मग हे पाणी ब्रशने लावावे. काढ्यातील टॅनिन आणि लोखंड यांची प्रक्रिया होऊन लाकूड डोळ्यांदेखत करडे आणि पुढे काळपट होत जाते. छटा हवी त्यापेक्षा गडद वाटली, तर पाणी पातळ करून दुसऱ्या तुकड्यावर पुन्हा पाहावे.

तारांसाठी विजेच्या जुन्या फ्लेक्झिबल वायरमधले तांब्याचे बारीक धागे उत्तम, कारण उघड्यावर ते आपोआप तपकिरी पडतात. दोन धागे हातड्रिलच्या आकड्यात अडकवून पिळले की काटेरी तारेचा आभास पुरेसा साधतो. खरा काटा या प्रमाणात अर्ध्या मिमीचा होईल. तो करत बसू नये.

गडग्यासाठी जांभ्याचेच ९ ते १३ मिमीचे खडे फोडून घ्यावेत. पाया रुंद आणि माथा अरुंद ठेवून, सिमेंट फक्त आतल्या गाभ्यात भरावे, म्हणजे बाहेरून गडगा कोरडा रचल्यासारखा दिसतो. शेवाळ पावसाळ्यात आपले आपण येते, आणि खरे सांगायचे तर ते कोणत्याही रंगाला मागे टाकते.

फाटकावर मात्र वेळ खर्च करावा. ३.६ मीटर रस्त्याला १६० मिमीचे अंतर लागते, म्हणून ८० मिमीची दोन पाने करावीत. चौकट पितळी पट्टीची असेल, तर तिरपा गज बिजागरीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून मोकळ्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात उतरवावा, कारण तो ताण घेऊन पान झुकू देत नाही. लाकडी पानात मात्र तिरकी पट्टी दाब घेते, म्हणून ती बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यातून वर चढली पाहिजे. जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. बिजागरीसाठी खांबाला बारीक पितळी नळी डाख लावून जोडावी आणि पानाला तिच्यात सहज फिरणारी खिळी बसवावी, म्हणजे पान उचलून काढता येते. रस्त्याकडून दिसणारी लाल चकती पानाच्या निम्म्या उंचीहून मोठी नसावी. धातूचा प्रायमर दिल्यावर शुभ्र पांढऱ्याऐवजी किंचित करडा पांढरा रंग लावावा आणि तळाशी वस्त्रगाळ तांबड्या मातीचा मॅट व्हार्निशमध्ये कालवलेला शिडकावा द्यावा.

बसवण्याआधी सर्वांत लांब डब्याच्या चारही कोपऱ्यांना आणि दोन्ही बाजूंच्या मध्यावर पेन्सिली चिकटवून तो वळणावरून हाताने ढकलावा. पेन्सिलींच्या रेषेपासून किमान १५ मिमी दूर कुंपण उभे करावे. खांब थेट मातीत रोवल्यास पहिल्या सरीतच ते कलतात. त्यापेक्षा साधारण ४०० मिमीचे भाग पीव्हीसी पट्टीवर जुळवून, पट्टीला पितळी खिळ्या लावून त्या जमिनीत पुरलेल्या नळ्यांमध्ये बसवाव्यात आणि पट्टी बारीक खडीने झाकावी. सांध्यांना पाण्यात न सुटणारा इपॉक्सी आणि सोबत पितळी टाचणी, दोन्ही द्यावीत. लाकडाचे बूड मातीला टेकू न देता थोडे वर ठेवले, तर ओल चढत नाही. शिवाय गवत काढताना किंवा मृगाच्या आधी अख्खा भाग उपसून घरात ठेवता येतो.