पहिली-दुसरीच्या मुलांना इंग्लिश ग्रामर शिकवताय? मग या चुका टाळा

ऐरोली, कोपरखैरणेच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी जिना चढा, एखाद्या तरी दारातून "नाउन इज अ नेम ऑफ पर्सन, प्लेस ऑर थिंग" पाढ्यासारखं ऐकू येतंच. सहा वर्षांचं पोर ते धडाधड म्हणतं आणि मग त्याला विचारा की बाबा, समोरचा पंखा नाउन आहे का, तर ते आईच्या तोंडाकडे बघतं.

यात आईबाबांचा तसा दोष नाही. मराठी माध्यमात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, त्याआधी एबीसीडीच पाचवीत सुरू व्हायची. म्हणजे आज पस्तिशी-चाळिशीत असलेले बरेच जण दहाव्या वर्षी व्याख्या पाठ करून ग्रामर शिकलेत आणि आता तेच सहा वर्षांच्या मुलाला तसंच शिकवायला जातात. दहा वर्षांच्या पोराला नियम सांगितला तर ते निदान लावून बघतं, सहा वर्षांचं नाही बघत, त्याला वाक्य कानावर पडायला लागतं, तेही त्याच्या रोजच्या कामाचं. म्हणून पहिली चूक हीच, नियम आधी आणि वाक्य नंतर. उलटं करा. "धिस इज माय बॉटल, दॅट इज युवर बॉटल" हे जेवताना खरोखर बाटलीकडे बोट दाखवून म्हणा, धिस-दॅट मधला फरक वेगळा सांगावाच लागत नाही.

दुसरी चूक जरा लांबवून सांगते कारण हीच सगळ्यात जास्त घरात दिसते. मूल म्हणतं "आय ॲम गो टू स्कूल", आणि आपण ओरडतो, अरे ॲम कशाला घातलंस! पण बघा ना, त्याला सुरुवातीला काय शिकवलं? "आय ॲम आरव, आय ॲम सिक्स इयर्स ओल्ड, आय ॲम अ बॉय." त्याच्या कानाला 'आयॅम' हा एकच शब्द झालाय, मी म्हणजे आयॅम, मग ते सगळीकडे तेच चिकटवणार. यावर टेन्सचा तक्ता भिंतीला लावून काही होत नाही. 'ॲम' नसलेली वाक्यं पहिल्यापासून तेवढीच बोला, "आय लाइक पोहे, आय वॉन्ट वॉटर, आय गो बाय बस", रोज चार-पाच, आणि ती गोंधळाची सवय हळूहळू सुटते.

चूक झाली की "राँग, परत बोल" करू नका. ते म्हणालं "यस्टरडे वी गोएड टू तलावपाळी", तर तुम्ही फक्त म्हणा, "ओ, यू वेंट टू तलावपाळी? व्हॉट डिड यू ईट?" बास, बरोबर रूप कानावर पडलं आणि गप्पाही तुटल्या नाहीत. शिवाय 'गोएड' ही वाईट खूण नाहीच. 1958 मध्ये जीन बर्को या अमेरिकन बाईंनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव ठेवलं 'वग', मग दोन दाखवले, आणि कधीच न ऐकलेल्या शब्दाला मुलांनी बरोबर 'वग्ज' म्हटलं. म्हणजे मूल नियम आपला आपणच काढत असतं, 'गोएड' मध्येही तेच झालंय, फक्त इंग्लिशने तिथे दगा दिला. तसंच "ही गोज" मधला तो शेवटचा 'ज', तो इंग्लिश घरातल्या मुलांनाही बराच उशिरा जमतो, तेव्हा दुसरीतल्या पोराने "माय आजी गो टू मार्केट" म्हटलं तर लगेच क्लास शोधू नका.

ही-शी-इट ची गंमत वेगळी. आपल्याकडे वर्गात निम्मी मुलं हिंदी बोलणारी असतात, त्यांचा ही आणि शी मध्ये घोटाळा होतो कारण हिंदीत मुलगा-मुलगी दोघांनाही 'वो' चालतं. मराठी मुलाचं तो-ती पक्कं असतं, ते अडकतं 'इट' वर. खुर्ची तुटली की "शी इज ब्रोकन"! घरातल्या वस्तूंवर बोट ठेवत फक्त इट-इट चा खेळ खेळा, आठवडाभरात फरक दिसायला लागतो.

ए-ॲन शिकवताना स्पेलिंग बघू नका, आवाज ऐकवा. पाच व्हॉवेल पाठ असलेलं मूल हमखास "ॲन युनिफॉर्म" लिहितं, कारण यू दिसला ना! तोंडाने म्हटलं की कळतं, सुरुवात 'यु' ने होतेय, म्हणून अ युनिफॉर्म, पण ॲन अंब्रेला.

प्रीपोझिशनसाठी वर्कशीट विकत घ्यायची गरज नाही, ठाणे-वाशी लोकल पकडा. "रबाळे कम्स आफ्टर ऐरोली", "वी आर इन द ट्रेन", "द बॅग इज अंडर द सीट", अनाउन्समेंट तर मराठी, हिंदी, इंग्लिश तिन्हीत कानावर येतेच. नेरूळच्या पाणथळीवर फ्लेमिंगो आले की वन-मेनी चा धडा तिथेच, एकाला इज, घोळक्याला आर.

आणि वर्कशीटवर फुल मार्क पण तोंडातून वाक्य निघत नाही, ही तक्रार असेल तर कारण साधं आहे. रिकाम्या जागेच्या आधी 'आय' दिसला की ॲम, 'दे' दिसला की आर, मूल अर्थ न वाचता जोड्या लावतं. तेच चित्र ठेवा, छापलेलं वाक्य झाका, आणि विचारा काय चाललंय चित्रात. पहिले काही दिवस एक-एक शब्द येईल, येऊ दे.

राहिला शाळेचा प्रश्न, काही शाळा युनिट टेस्टला व्याख्या विचारतातच. विचारू देत, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात पाठ करून घ्या, तोवर दहा-बारा नाउन त्याच्या ओळखीचे झालेले असतील तर ती एक ओळ पाठ व्हायला वेळ लागत नाही.