हात चालतोच, तोंडही चालू द्या: ऑस्कीसाठी आलेल्या मराठवाड्यातल्या नर्सेसना

औरंगाबादच्या घाटी दवाखान्यात, अंबाजोगाईला किंवा लातूर-नांदेडच्या सरकारी दवाखान्यात चार-पाच वर्षं काढलेल्या सिस्टर-ब्रदरचा हात कच्चा नसतो. तरीही ऑस्कीत, म्हणजे ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी द्याव्या लागणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत, मार्क जातात, आणि बहुतेक वेळा गप्प राहिल्यामुळेच जातात. चाळीस पेशंटच्या वॉर्डात बोलत बसलं तर काम उरकत नाही, म्हणून आपण मुकाट्यानं हात चालवायला शिकलेलो असतो. इथल्या परीक्षकाला मात्र जे दिसतं, ऐकू येतं आणि कागदावर वाचता येतं, तेवढ्याचेच मार्क देता येतात.

ऑस्कीत दहा स्टेशनं, म्हणजे परीक्षेचे वेगवेगळे टप्पे असतात. एकाच पेशंटची तपासणी, नियोजन, उपचार आणि मूल्यमापन ही चार, हातानं करायच्या कौशल्यांची चार, आणि व्यावसायिक वर्तन व संशोधनाचा वापर यांची दोन लेखी. केंद्रं पाच आहेत: नॉर्दम्प्टन, ऑक्सफर्ड ब्रुक्स, अल्स्टर, नॉर्दम्ब्रिया आणि लीड्स. स्पॉन्सरशिपच्या कागदावर नोकरी सुरू व्हायची जी तारीख आहे, तिथून 12 आठवड्यांच्या आत पहिला प्रयत्न द्यायचा असतो. म्हणून इथं उतरल्यावर थंडीची आणि जेवणाची सवय होईल मग बघू, असं म्हणू नका. सरावाचे पेपर आणि मार्क कशाला मिळतात त्याची यादी मोफत मिळते. ती छापून घ्या आणि सोबत राहणाऱ्या दुसऱ्या नर्सला परीक्षक करा.

कोपराखाली काही नको: घड्याळ नाही, खड्याची अंगठी नाही, बांगड्या नाहीत. साधी वेढणी चालते. हिरव्या बांगड्या काढायला मन धजत नसेल, तर ते दुःख परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी ठेवू नका, आधीच उरका.

आता स्नायूतलं इंजेक्शन बघू. पेशंटला पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगायला लावा, मनगटाच्या पट्टीशी आणि ड्रग चार्टशी जुळवा. ॲलर्जी विचारा. संमती तोंडी घ्या, मान हललेली धरू नका. औषध, डोस, मार्ग, वेळ, मुदत हे सगळं मोठ्यानं वाचा. जागा 70 टक्के अल्कोहोलच्या स्वॅबनं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. कातडी दोन-तीन सेंटिमीटर बाजूला ओढून धरा, सुई 90 अंशांत घाला, औषध दर मिलिलिटरला साधारण 10 सेकंद या वेगानं सोडा, आणखी 10 सेकंद थांबा, सुई काढा आणि मगच कातडी सोडा. इथं आपल्या तीन सवयी नडतात. एक, जागा चोळणं: चोळलं की औषध मागे झिरपतं. दुसरी, सुईला टोपण परत लावणं. तिसरी, नीडल कटर शोधत फिरणं. तो इथं नसतो. सुई-सिरिंज आख्खी शार्प्सच्या डब्यात टाकायची, आणि डबा आधीच हाताशी हवा.

न्यूज-2 चार्टवर, म्हणजे पेशंटची तब्येत किती बिघडली ते गुणांत दाखवणाऱ्या इथल्या तक्त्यावर, सगळ्यात जास्त घोटाळा श्वासाचा. आपल्याकडे टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर जो तो 18 नाहीतर 20 लिहून मोकळा होतो. इथं पूर्ण एक मिनिट मोजा. समजा, श्वास 22 (2 गुण), ऑक्सिजन 95 टक्के, साध्या हवेवर (1), वरचा बीपी 108 (1), नाडी 96 (1), ताप 38.4 (1), पेशंट शुद्धीत (0). बेरीज 6. पाच ते सहाला डॉक्टरांना तातडीनं कळवायचं आणि निदान दर तासाला पुन्हा तपासायचं. सात किंवा जास्त म्हणजे आणीबाणी. कोणत्याही एकाच रकान्यात 3 आले, तरी बेरीज कमी म्हणून सोडायचं नाही. ताप सेल्सिअसमध्ये असतो: 38.4 म्हणजे आपला 101.1 फॅरनहाइट.

साखरेचंही तसंच. इथलं मीटर मिलिमोल दाखवतं, आपला मिलिग्रॅमचा आकडा 18 नं भागा. 126 म्हणजे 7, आणि 4 च्या खाली गेलं की लगेच हालचाल. बोटाच्या पोटाला टोचू नका, कडेला टोचा.

गोळ्यांचं काम नातेवाइकांवर सोपवायची रीत इथं चालत नाही. ड्रग चार्ट बघा, गोळी द्या, पेशंटनं गिळेपर्यंत उभे राहा, मगच सही करा. सही आधी केली आणि गोळी उशीखाली गेली, तर चूक तुमचीच. वेळ 24 तासांच्या घड्याळात, काळ्या पेनानं लिहा. खाडाखोड झाली तर एकच रेघ मारून सही करा, गिरवू नका. डोसात "युनिट" आणि "मायक्रोग्रॅम" हे शब्द पूर्ण लिहा.

आजी, मावशी म्हणून सुरुवात करायची आपली माया इथं अंगलट येते. पेशंटला विचारा, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? तेच नाव शेवटपर्यंत वापरा.

नापास झालात तर सात किंवा कमी स्टेशनं गेली असल्यास तेवढीच पुन्हा देता येतात. आठ गेली की पूर्ण परीक्षा आणि पूर्ण फी. निकालपत्रात स्टेशनवार कारणं असतात, ती वॉर्डातल्या प्रशिक्षक सिस्टरला दाखवा. आणि पास होऊन पिन (नोंदणी क्रमांक) आला तरी शिरेत कॅन्युला लावायची घाई करू नका. तुमचा हात त्यात कितीही बसलेला असो, ट्रस्टचं (दवाखाना चालवणाऱ्या सरकारी संस्थेचं) वेगळं प्रशिक्षण आणि सही झाल्याशिवाय ती परवानगी मिळत नाही.