होडीच्या केबिनमधलं आतलं अस्तर का कुजत होतं आणि काय केलं

18 फुटी लाकडी होडी. बाहेरून ठणठणीत, पण केबिनच्या बैठकीखाली काळी बुरशी, आणि अस्तराच्या प्लायच्या कडा बोटाने दाबल्या तर आत जायच्या. समुद्राचं पाणी हे मुख्य कारण नव्हतं. डेकमधून झिरपणारं पावसाचं गोडं पाणी आणि कोंडलेली हवा, यानेच लाकूड कुजतं.

बुडापासून वरपर्यंत ठोकलेला सलग प्लाय काढून टाकला. त्याऐवजी 40 मिमी रुंद, 8 मिमी जाड सागवानी पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये 12 मिमी फट. खाली आणि वर 50 मिमी मोकळं. पट्ट्या स्क्रूनेच लावायच्या, चिकटवायच्या नाहीत, म्हणजे पुन्हा उघडता येतात. स्क्रू 316 स्टेनलेसचे, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणाऱ्या प्रकारच्या स्टीलचे. पितळी स्क्रूमधलं जस्त खाऱ्या ओलीत झिजतं आणि डोकं तुटून हातात येतं.

बैठकीसाठी 12 मिमी मरीन प्लाय. कडांना इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून लावायचं, कडक होणारं रेझिन) तीन हात, कारण पाणी शिरतं ते कडेनेच. इथे एकदा फसगत झाली: इपॉक्सीवर थेट व्हार्निश मारलं, चार दिवस चिकटच. इपॉक्सी सुकताना वर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धुवायचा, मगच घासायचं.

व्हार्निशचा पहिला हात निम्मं थिनर घालून, दुसरा पाव थिनरचा, पुढचे चार थिनर न घालता. दोन हातांच्या मध्ये 320 नंबरच्या सँडपेपरने घासायचं. पावसाळी हवेत हे काम काढूच नये.